एक क्विंटल सोन्याचे नाणे आणि एक नादुरुस्त खिडकी

सोन्याचे नाणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो चिमटीत मावणारा होन किंवा मोहोर. परंतु ज्याचा व्यास ५३ सेंटीमीटर, जाडी सुमारे ३ सेंटीमीटर आणि वजन १०० किलोग्रॅम, म्हणजे धान्याच्या क्विंटलाच्या पोत्याएवढे आहे, असेही एक नाणे जर्मनीतील बर्लिन शहरी बोडे संग्रहालयात लोकांना पाहावयास ठेवलेले होते. २७ मार्च २०१७ रोजी पहाटे ते चोरीस गेले आणि पुन्हा सापडले नाही. ही घटना दूरदेशीची असली तरी तिच्यातून निघणारा बोध, ज्यांच्या हाती सार्वजनिक वस्तूंची राखण आहे, त्या सर्वांच्याच उपयोगी पडणारा आहे.

नाण्याचे स्वरूप

हे नाणे कॅनडाच्या शाही टाकसाळीने २००७ मध्ये घडविले. त्याच्या एका बाजूस राणी एलिझाबेथ दुसरी यांची मुखमुद्रा आणि दुसऱ्या बाजूस मेपल वृक्षाची पाने आहेत. यावरूनच त्यास ‘बिग मेपल लीफ’ हे नाव मिळाले. सोन्याची शुद्धता ९९.९९९ टक्के, म्हणजे लाख भागांत केवळ एक भाग हीण, इतकी होती. एवढ्या शुद्धतेची लहान नाणी टाकसाळ विक्रीस आणणार होती. त्यांच्या प्रसिद्धीसाठी हे अजस्र नाणे घडविण्यात आले. पुढे मागणी आल्यावर अशी आणखी मोजकी नाणी पाडण्यात आली. बर्लिनमधील नाणे एका खाजगी मालकाचे होते व डिसेंबर २०१० पासून ते संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवलेले होते.

या नाण्यावर दर्शनी किंमत छापलेली होती ती १० लाख कॅनेडियन डॉलर. प्रत्यक्षात त्यातील सोन्याचीच किंमत चोरीच्या वेळी सुमारे ३७ लाख ५० हजार युरो होती. आपल्याकडील मापाने सांगावयाचे तर ते सोने साडेआठ हजार तोळ्यांहून अधिक भरते.

येथे हे लक्षात घेतले पाहिजे की, नाण्याला तीन प्रकारची मूल्ये असतात. पहिले, त्यावर छापलेले दर्शनी मूल्य. दुसरे, त्यातील धातूचे मूल्य. आणि तिसरे, त्यावरील मुद्रेचे, म्हणजे कारागिरीचे व इतिहासाचे मूल्य. चित्राची चोरी करणाऱ्यास चित्र अखंड ठेवावे लागते, कारण फाटलेल्या चित्रास गिऱ्हाईक नसते. सोन्याच्या नाण्याचे तसे नाही. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि एकदा वितळले की ते कोणाचे, कोठले, हे सांगणारी खूण उरत नाही. म्हणूनच सोन्याच्या नाण्याची चोरी ही बहुधा त्याच्या नाशाचीही सुरुवात असते.

चोरी कशी झाली ?

बोडे संग्रहालयाची इमारत १९०४ मध्ये खुली झाली. श्प्रे नदीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर ती उभी आहे. या बेटावरील संग्रहालयांच्या समूहास युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. बोडे संग्रहालयाच्या नाणेविभागात पाच लाखांहून अधिक वस्तू आहेत. इमारतीच्या भिंतीलगत उंचावरून लोहमार्ग जातो. चोरांनी हीच गोष्ट हेरली. रात्री गाड्या बंद असण्याच्या वेळी ते जवळच्या स्थानकातून रुळांवरून चालत आले आणि शिडीच्या साहाय्याने कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीच्या खिडकीपाशी पोहोचले. स्थानकावरील कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून असे दिसून आले की, याच वाटेने ते त्यापूर्वीही येऊन गेले होते.

खिडकीतून आत शिरल्यावर त्यांनी काचेची पेटी कुऱ्हाडीने फोडली, चाके लावलेल्या फळीवरून नाणे खिडकीपर्यंत ओढत नेले व रुळांच्या बाजूस खाली टाकले. पुढे एकचाकी हातगाडीत घालून ते रुळांवरून नेण्यात आले आणि दोराच्या आधाराने शेजारच्या उद्यानात उतरून चोर मोटारीतून पसार झाले. शिडी, कुऱ्हाड, हातगाडी आणि दोर ! यांतील एकही वस्तू अशी नाही की जी खेड्यातल्या एखाद्या घरी मिळणार नाही.

मग एवढ्या मोठ्या संग्रहालयाची सुरक्षा कोठे कमी पडली ? याचे उत्तर त्या खिडकीत आहे. तिची धोक्याची घंटा बऱ्याच काळापासून नादुरुस्त होती आणि ती दुरुस्त करण्यात आलेली नव्हती. दुसरी उणीव माणसाची. खाजगी सुरक्षासंस्थेमार्फत चोरीच्या काही आठवडेच आधी कामावर आलेला एक रखवालदार हा आरोपींपैकी एकाचा शाळासोबती होता. आतील वाटा, वेळा व दोष त्याच्याकडून बाहेर पोहोचले, असे न्यायालयास आढळून आले.

तपास आणि निकाल

खटला जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. नाणे हाती नसताना चोरी सिद्ध करावयाची होती, हे या खटल्याचे वैशिष्ट्य होय. अशा वेळी नाण्याची असामान्य शुद्धताच साक्षीदार ठरली. संशयितांशी संबंधित वस्तूंवर सोन्याचे जे सूक्ष्म कण आढळले, त्यांची शुद्धता या नाण्याशी जुळणारी होती. बाजारात सहसा न आढळणारे असे सोने कोठून आले, याचा खुलासा होऊ शकला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोघा चुलत भावांना प्रत्येकी साडेचार वर्षे आणि रखवालदारास ३ वर्षे ४ महिने कारावासाची शिक्षा दिली. चौथ्या आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. चोरलेल्या ऐवजाच्या वसुलीचाही आदेश झाला. नाणे मात्र तुकडे करून किंवा वितळवून विकले गेले असावे, असेच मानले जाते. विम्याच्या भरपाईचा वादही पुढे न्यायालयात गेला आणि तेथेही ती नादुरुस्त घंटा चर्चेत आली. वेळेवर न केलेल्या दुरुस्तीचा हिशेब असा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

मुशीत गेलेला इतिहास

कोणी म्हणेल, बर्लिनच्या नाण्यासारखी आणखी नाणी जगात आहेत. सोने गेले, मालकाचे नुकसान झाले, पण ज्ञानाचे काय गेले? हे काही अंशी खरे आहे. परंतु जर्मनीतच पाच वर्षांनी जे घडले त्याने या प्रश्नाचे उत्तर दिले. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी बव्हेरियातील मांचिंग येथील संग्रहालयातून केल्ट लोकांची सुमारे २१०० वर्षांपूर्वीची ४८३ सोन्याची नाणी चोरीस गेली. चोरांनी आधी दूरसंचाराच्या तारा तोडून धोक्याची सूचना बाहेर जाण्याचा मार्गच बंद केला होता. हा साठा १९९९ मध्ये उत्खननात मिळालेला होता. वाटीसारख्या खोलगट आकाराच्या अशा नाण्यांना तेथील लोक इंद्रधनुष्याच्या वाट्या म्हणतात. पावसाने शेतातील माती धुपून ती उघडी पडत, म्हणून इंद्रधनुष्य जेथे टेकते तेथे ती मिळतात, अशी समजूत होती. २०२३ मध्ये संशयितांना पकडण्यात आले, तेव्हा हाती आले ते सोन्याचे काही गोळे. चोरलेल्या नाण्यांपैकी कित्येक वितळवून ते केलेले होते. थोडे सोने परत मिळाले. नाणी मिळाली नाहीत, आणि ती पुन्हा कोणत्याही टाकसाळीत पाडता येणार नाहीत.

आपल्या शिवारातील हंडा

मुद्रेचे मोल काय असते, हे महाराष्ट्राला परक्याने सांगावयास नको. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली होती. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा, यावरून सातवाहनांनी नहपानाचा पराभव केल्याचा ठोस पुरावा इतिहासाला मिळाला. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर चांदी तेवढीच भरली असती. पण हा पुरावा कायमचा नष्ट झाला असता.

आजही नांगराच्या फाळाला किंवा घराच्या पायाला हंडा लागतो आणि भीतीपोटी किंवा लोभापोटी त्यातील ऐवज गुपचूप वितळविला जातो. या बाबतीत कायदा काय सांगतो, हे ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी लोकांना समजावून देणे अगत्याचे आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार, १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. सूचना न देणाऱ्याचा निधीवरील हक्क जातो व तो शिक्षेसही पात्र होतो. उलट, सूचना देणारा रिकाम्या हाती राहत नाही. निधी बेवारस ठरल्यास आणि जमिनीचा मालक दुसरा असल्यास, सामान्यतः तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्यास व उरलेला जमीनमालकास मिळतो. शासनाने तो निधी स्वतःकडे घेण्याचे ठरविल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश अधिक रक्कम हक्कदारांस द्यावी लागते. ही वरची रक्कम म्हणजे, एका अर्थी, वस्तूची किंमत तिच्या वजनातच संपत नाही, याला कायद्याने दिलेली मान्यताच होय. याशिवाय १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि अधिनियमाखाली शंभर वर्षांहून जुनी नाणी पुराणवस्तूंत मोडतात व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

राखण करणाऱ्यांसाठी

शाळेतील लहानसा संग्रह असो, देवस्थानातील जुने दागिने असोत की तालुक्याचे वस्तुसंग्रहालय असो, काही गोष्टी बिनखर्चाने करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक वस्तूची नोंद वजन, माप, खाणाखुणा व छायाचित्र यांसह ठेवावी आणि तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी. कुलपे, खिडक्या व दिवे यांची ठराविक दिवशी तपासणी करून दोष लेखी कळवावा आणि दुरुस्ती झाल्याची खातरजमा करावी. किल्ल्या कोणाकडे आहेत व नवीन माणूस कोणाच्या ओळखीने आला, याची माहिती ठेवावी.

बर्लिनचे एक क्विंटलाचे नाणे एका रात्रीत गेले. पण ज्या वाटेने ते गेले, ती वाट त्यापूर्वी बराच काळ उघडी होती. अशी एखादी खिडकी आपल्याही कचेरीत, शाळेत किंवा देवळात आहे काय, हे आजच पाहून घेतलेले बरे.