सीताफळाच्या गुणसूत्रांपासून कर्करोगाच्या पेशीपर्यंत : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधनकार्य

रोगाचे कारण शोधण्याऐवजी रोगास जबाबदार असलेली व्यक्ती शोधायची, ही वृत्ती आपल्या सातपुड्यातून अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. डाकीण ठरवली जाणारी स्त्री बहुधा एकटी, वृद्ध आणि दुबळी असते. शहरातील सुशिक्षितांनीही यावर हसू नये. कर्करोग झालेल्या माणसाच्या मागील जन्मीच्या पापाची चर्चा तेथेही होते. म्हणूनच कर्करोगाचे कारण पेशीत शोधण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचे कार्य येथे थोडे तपशिलाने मांडत आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. शालेय शिक्षण हुजूरपागेत आणि पदवी फर्ग्युसन महाविद्यालयातून झाली. वडील तेथेच जीवशास्त्र शिकवीत आणि मुलींनीही उच्च शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी अशी अनुकूलता किती मुलींच्या वाट्याला येत होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवलाच पाहिजे. परंतु मिळालेल्या अनुकूलतेचे त्यांनी चीज केले, हेही तितकेच खरे. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. करताना त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. आपल्या डोंगरउतारावरचे सीताफळ! पेशीच्या अंतरंगात डोकावण्याची दृष्टी त्यांना या अभ्यासातून मिळाली असावी. पुढे डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली.

त्यांच्या संशोधनाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सिकलसेल हा आजार आपल्या जिल्ह्यास चांगलाच परिचित आहे. त्यात हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. आई आणि वडील या दोघांकडून आलेला हा बदल जन्मापासून शरीरातील सर्व पेशींत असतो. कर्करोगाचे तसे नाही. काही कर्करोगांत आनुवंशिकतेचा वाटा असतो. परंतु बहुतेक वेळा आयुष्यभरात एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये एकामागून एक बदल साचत जातात आणि ती पेशी वाढीचे नियम झुगारते. हे बदल कशामुळे होतात? तंबाखू हे एक कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे, तरी ती सुटत नाही.

रणदिवे यांनी हाच प्रश्न उंदरांच्या साह्याने विचारला. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. ज्या जातीच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होई, त्यांची पिल्ले जन्मताच दुसऱ्या, निरोगी जातीच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण खूपच घटे. दुधातून जाणारा तो घटक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. (हे उंदरांपुरते आहे, मातेच्या दुधातून बालकास कर्करोग होतो, असा अर्थ कोणीही काढू नये.) परंतु एकटा विषाणू पुरेसा नव्हता. कर्करोगास बळी पडण्याची शक्यता, शरीरातील संप्रेरके आणि अर्बुदाचा विषाणू यांचा परस्परसंबंध दाखवणे ही रणदिवे यांची महत्त्वाची कामगिरी मानली जाते. रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगासाठीही त्यांनी प्राण्यांवरील अभ्यासाच्या पद्धती विकसित केल्या. हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये शिरून शेजारचे जनुक जागे करतो, हे १९८२ मध्ये नुसे आणि वार्मस यांनी दाखवले. अशा शोधांमुळे कर्करोगाचा अभ्यास जनुकांपर्यंत पोहोचला.

पीएच.डी. नंतर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत भारतातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी वाढवल्या गेल्या; तिची परवानगी कोणी घेतली नव्हती. त्या पेशी आज जगभर वापरल्या जातात. २०१३ मध्ये तर त्यांचा संपूर्ण जनुकसंच कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला आणि आक्षेपानंतर मागे घ्यावा लागला. ज्ञान कोणाच्या देहातून येते आणि त्याचा लाभ कोणाला होतो, हे विज्ञानाच्या इतिहासात सहसा शिकवले जात नाही.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा सांभाळली. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे मूलभूत काम पुढे लसनिर्मितीच्या प्रयत्नांना उपयोगी पडले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कर्करोग आणि कुष्ठरोगावरील त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे निवृत्तीनंतरचे काम. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन संस्थेच्या साह्याने, त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि महिला वैज्ञानिक संघामार्फत ग्रामीण स्त्रियांना आरोग्याविषयी माहिती देण्याचे काम चालवले. तो भागही आपल्यासारखाच डोंगराळ. प्रयोगशाळेत उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवणारी ही शास्त्रज्ञ सत्तरीच्या उंबरठ्यावर महादेव कोळी आणि ठाकर मुलांच्या वाढीच्या नोंदी अभ्यासत होती.