ठेच्यासोबत शेनिन

जानेफळहून आलेला वाचकाचा प्रश्न रोकठोक आहे : भाकरी-ठेचा खाणाऱ्या माणसाला फ्रेंच पांढरी वाइन जेवणासोबत जमेल का? महाराष्ट्रात याचं उत्तर शोधायला शेनिन ब्लाँ हे द्राक्ष सगळ्यांत सोयीचं, कारण ते आता नाशिकचंही झालं आहे.

त्याचं मूळ फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात. तिथल्या वूव्रे गावाच्या वाइनला १९३६ मध्ये नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. कोरडी, निमगोड, फेसाळ, अगदी गोडमिट्ट, असे सगळे प्रकार या एका द्राक्षातून होतात. सोबत बकरीच्या दुधाचं चीज किंवा लोण्याच्या सॉसमधला नदीचा मासा. हे जमतं ते द्राक्षातल्या भरपूर आम्लामुळे.

तिथल्या चुनखडीची चव वाइनमध्ये उतरते, असं विक्रेते सांगतात. ते खरं मानू नये. मुळं खडक नव्हे, पाण्यात विरघळलेले क्षार शोषतात आणि तेही इतके थोडे, की जिभेला कळत नाहीत. नाशिकचा खडक तर चुनखडीचा नाहीच; लोणारचं विवर ज्यात आहे, तोच दख्खनचा काळा बेसाल्ट तिथेही आहे.

खरी करामत आहे ती हवामानाची. कैरी पिकता पिकता आंबटपणा सोडते, तसंच द्राक्षही. घड पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होतं आणि उष्मा जितका जास्त, तितका हा खर्च मोठा. वूव्रे ४७ अंश अक्षांशावर, नाशिक २० अंशांवर. मग इथे आम्ल टिकतं कसं?

छाटणीमुळे! फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो. इथे तो झोपतच नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या सुमाराच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढच्या घडांची बारीक घडण सुरू होते. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. तेव्हा घड बाहेर येतात आणि पिकतात ते जानेवारी ते मार्चमध्ये, गार रात्रींच्या आधाराने. फ्रान्समध्ये शरद ऋतूत होणारी तोडणी इथे अशी हिवाळ्यावर नेली जाते. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकला शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लाँ लावली, २००० मध्ये त्यांच्या सुला या वाइन कंपनीच्या पहिल्या बाटल्या आल्या. त्या यशाची चर्चा होते, छाटणीचं हे वेळापत्रक बसवणाऱ्या बागायतदारांची फारशी होत नाही. व्हायला हवी.

आता ठेचा. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ या उष्णतेच्या संवेदकाला चिकटतं आणि मेंदूला चटका कळवतं. मद्यार्क हाच संवेदक आणखी हळवा करतो. त्यामुळे कडक, तुरट लाल वाइनसोबत मिरची जास्त झोंबते. थोडी गोडसर, कमी मद्यार्काची, चांगली गार केलेली शेनिन त्यामानाने सुसह्य. तळलेला मासा, कोथिंबीर वडी, सुरळीची वडी यांच्याशी तिची आंबट धार खरी जुळते.

ठेच्याचा चटका शमवायचा असेल, तर मात्र वाइन नको, दहीच घ्यावं. त्यातलं केसिन प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेतं. ते काम कोणतीही शेनिन करू शकत नाही.