एवढ्याशा इंजिनावर गो-कार्ट पळते तरी किती?

गो-कार्ट आणि मिनी बाईकचे रील्स बघून हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. उत्तर साध्या गणितात आहे.

होंडाचं जीएक्स २०० इंजिन घ्या. १९६ सीसी, ताकद साधारण साडेपाच हॉर्सपॉवर. पाण्याच्या पंपाला लागतं तसलंच. यातला गव्हर्नर इंजिनाचा वेग मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर रोखतो.

आता इंजिनाकडचं स्प्रॉकेट १२ दात्यांचं आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचं ७२ दात्यांचं असेल, तर इंजिनाच्या ६ फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. म्हणजे मिनिटाला ६०० वेळा. १० इंची टायर एका फेरीत साधारण ८० सेंटिमीटर पुढे जातो. झाला वेग, ताशी सुमारे २९ किलोमीटर. मागचं स्प्रॉकेट लहान लावलं तर वेग वाढतो, पण पिकअप कमी होतो.

खरा धोका आहे तो गव्हर्नर काढण्यात. या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील जास्त फेऱ्यांसाठी बनवलेलेच नसतात. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला अंतर चौपट लागतं.

त्यामुळे वेग वाढवण्याआधी ब्रेक बघा, आणि गव्हर्नरला हात लावू नका.