पोरांच्या पथकाला गावचा एक माणूस हवा



१५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला गळ्यात स्कार्फ बांधलेली पोरं शाळेच्या मैदानावर तुम्ही पाहिली असतील. झेंड्याला सलामी होते, संचलन होतं, खाऊ वाटला की सगळी घरी. स्काऊट-गाईड म्हणजे एवढंच, अशी पुष्कळ गावांत समजूत होऊन बसली आहे. खरं पाहता हे शिक्षण मैदानापेक्षा रानातलं. तंबू ठोकणं, चुलीवर रांधणं, दिशा ओळखणं, दोराच्या गाठी मारणं आणि वेळ पडली तर दुसऱ्याचा जीव वाचवणं, हा त्याचा गाभा. मग पोरं रानात का जात नाहीत? तीस पोरं घेऊन एकट्या गुरुजींनी बाहेर पडणं धोक्याचं, आणि सोबतीला गावातून कोणी येत नाही. म्हणून आजचं हे सांगणं तुमच्यासाठी आहे.

कुठून आलं हे?

१९०७ साली इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. हिंदुस्थानात १९०९ मध्ये बंगळूरला पथक निघालं, पण सुरुवातीला त्यात आपल्या मुलांना जागा नव्हती. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी प्रयागला सेवा समितीची बालचर संघटना उभी केली. कुंभमेळ्यातल्या यात्रेकरूंची सेवा हे तिच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स झाली आणि १९५१ साली गाईड्सही त्यात आल्या. आषाढीला लाखो माणसं जवळ करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यात्रेकरूंच्या सेवेचं मोल वेगळं सांगायला नको.

लहान मुलं कब आणि मुली बुलबुल, दहा वर्षांपुढची स्काऊट आणि गाईड, त्याहून मोठी रोव्हर आणि रेंजर. सहा ते आठ जणांचा एक संघ, त्याचा नायक पोरांतलाच. मोठ्या माणसानं मागं उभं राहायचं, काम पोरांनी करायचं.

तुम्हाला येतं तेच शिकवायचं आहे

"आम्ही काय शिकवणार? आमचं शिक्षण किती!" असं म्हणू नका. खुंट्याला दावं कसं बांधावं, दोन दोर सुटणार नाहीत असे कसे जोडावेत, हे तुम्ही रोज करता. पथकात हीच विद्या गाठींच्या नावानं शिकवतात. माणसाला विहिरीतून वर ओढताना काखेत आवळणार नाही अशी गाठ प्रत्येक पोराला यायला हवी. चांदण्यांवरून वेळ, वाऱ्यावरून पाऊस आणि खुरावरून जनावर ओळखणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना एक संध्याकाळ शेकोटीजवळ बसवा.

आता शेततळ्याचं बघा. आतला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं निसरडा होतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकाला वाचवायला दुसरा उडी टाकतो आणि दोघंही जातात. बुडणाऱ्याकडे आधी दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकायचा आणि मोठ्यानं ओरडून माणसं गोळा करायची, हे पोरांना सरावानंच कळतं. तुमच्या तळ्याला काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला दोर कायमचा बांधून ठेवा. पथकाकडून हे पहिलं काम करून घेता येईल.

सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीनं आवळायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून हलू द्यायचा नाही आणि मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. विषावरचं इंजेक्शन तिथंच मिळतं. हे दहा पोरांना पक्कं ठाऊक झालं, तर दहा घरांना कळलं म्हणून समजा.

किती वेळ द्यावा लागेल?

ज्याला एकच दिवस जमेल त्यानं आपली विद्या द्यावी. सुतार, गवंडी, पोहणारा, आरोग्यसेविका, सगळेच चालतील. ज्याचं रान पीक काढून मोकळं झालंय त्यानं दोन रात्रींसाठी जागा आणि विहिरीचं पाणी द्यावं. बायाबापड्यांची गरज तर फार मोठी. सोबत बाई असल्याशिवाय मुलीला कोणी मुक्कामाला पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याला कायमचं जोडून घ्यायचंय त्यानं स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन व्हावं. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण शिबिर असतं. चौकशी सोलापूरच्या जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयात करावी.

दिवस निवडायचे ते दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचे. थंडी असते, परीक्षा लांब असते आणि ज्वारी हुरड्याला आली असेल तर आगटी पेटवून बिनभांड्यांचा स्वयंपाकही शिकवून होतो. नान्नजचा माळ पाहायला न्यायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. माळढोकासाठी १९७९ साली झालेलं हे अभयारण्य आहे. माळढोक आता दिसणं दुर्मीळ झालं, पण काळवीट दिसतं. वाळल्या गवतात विस्तव मात्र अजिबात नको. उजनीच्या काठी पक्षी पाहायला गेलात तर पोरांना पाण्यात उतरू देऊ नका.

हे नियम पाळाच

प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या. सोबत कमीत कमी दोन मोठी माणसं हवीत आणि कोणीही एकट्या मुलाला घेऊन बाजूला जायचं नाही. प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि रात्री-अपरात्री निघेल अशी एक गाडी तयार असावी. मदतीला येणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याचं नाव शाळेच्या वहीत नोंदवा. पोरं आपलीच आहेत, म्हणून तर ही काळजी.

सरपंच, भाऊसाहेब, तुमच्याकडून पैशापेक्षा पुढाकार हवा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि कोण काय देणार याची यादी तिथंच करा. तालुक्याच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत विद्यार्थ्यांचं सात दिवसांचं शिबिर खेड्यात होतं. ते आपल्या गावी मागवा. कॉलेजची पोरं आणि शाळेचं पथक एकत्र आलं, तर गावातल्या प्रत्येक शेततळ्याला दोर बांधणं आठवड्याचं काम आहे.

आणि शेतकरी दादा, ताई, तुम्ही ग्रामसभेची वाट बघू नका. या शनिवारी शाळेत जा आणि एवढंच विचारा, "गुरुजी, आपल्याकडं पथक हाय का? मी काय करू?"