टू-बीची जुळवणी: मॅक्रोला आधी जोडी शिकवा

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं आणि अकाउंटच्या टेबलावर दोन एक्सेल फाइली उघडतात. एक आपल्या खरेदी रजिस्टरची, दुसरी पोर्टलवरून उतरवलेली. पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली आहेत, ते या दुसरीत असतं. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानेच ठरवून टाकलं आहे की पुरवठादाराने दाखवलेल्या बिलाचंच इनपुट क्रेडिट घेता येईल. बिल हातात आहे, पैसे चुकते केले आहेत, पण टू-बीत नोंद नाही, तर तेवढा कर तूर्त आपल्या खिशातून. मासिक विवरणपत्राची मुदत २० तारखेची. मधल्या दिवसांत शेकडो ओळी डोळ्यांनी ताडायला माणूस बसवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण हे काम मॅक्रोचं आहे.

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याची व्हीबीए ही भाषा १९९३ मध्ये आली. आल्ट आणि एफ११ दाबलं की तिची खिडकी उघडते. तिथे बहुतेकांचा पहिला मॅक्रो असा असतो: या शीटमधला ए२ त्या शीटमधल्या ए२ शी ताडायचा आणि वेगळा निघाला की पिवळा करायचा. एकाच फाइलीची कालची आणि आजची प्रत तपासायला तो पुरतो. पण मध्ये कुणी एक ओळ घातली की तिच्याखालचं सगळं पिवळं. रजिस्टर आणि टू-बी यांचा तर क्रमच मुळात वेगळा. तेव्हा फरक शोधण्याआधी कोणती ओळ कोणाची जोडीदार, हे मॅक्रोला सांगावं लागतं. खरी मेहनत इथेच आहे.

नुसत्या बिल नंबरावर जोडी लागत नाही, कारण ४७ नंबरचं बिल दहा पार्ट्यांचं असू शकतं. म्हणून पुरवठादाराचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर आणि बिल नंबर एकत्र जोडून एक किल्ली बनवायची. आता अडचण अशी की पुरवठादाराने ‘आयएनव्ही/००४७’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ‘आयएनव्ही-४७’ टाइप झालेलं असतं. शिवाय पोर्टलवरून किंवा वेबपानावरून आलेल्या मजकुराच्या टोकाला न दिसणारी एक खास मोकळी जागा चिकटलेली असते. तिचा कोड १६०, आणि एक्सेलचं ट्रिम तिला हात लावत नाही. ती वेगळी काढावी लागते. मग तिरप्या रेघा आणि डॅश काढायचे, अंकांपुढची शून्यं उडवायची, सगळी अक्षरं मोठी करायची.

मात्र ही साफसफाई अती करू नये. ‘४७/२४-२५’ मधलं वर्षही पुसून टाकलं तर गेल्या वर्षीचं ४७ आणि यंदाचं ४७ एक होऊन बसतात. त्यापेक्षा बिलाच्या तारखेवरून आर्थिक वर्ष काढून ते किल्लीत घालावं.

किल्ल्या तयार झाल्या की टू-बीच्या सगळ्या ओळी व्हीबीएच्या डिक्शनरीत भरायच्या आणि रजिस्टरची एकेक ओळ तिथे विचारायची. एकाच बिलात ५ आणि १८ टक्के असे दोन दर असले तर त्याच्या दोन ओळी पडू शकतात. दुसरी ओळ पहिलीवर लिहिली गेली तर रक्कम बुडते, म्हणून भरतानाच बेरीज करत जायची.

रकमांकडे जरा थांबून पाहा. १२,३४५ रुपयांच्या मालावर ९ टक्के दराने केंद्राचा कर १,१११.०५ आणि राज्याचाही तेवढाच. रजिस्टरमध्ये कुणी १,१११ लिहिलं तर मॅक्रो पाच पैशांसाठी बोंब मारेल. म्हणून ‘बरोबर आहे का’ असं न विचारता ‘फरक एक रुपयाच्या आत आहे का’ असं विचारावं. आणि केवळ करांची बेरीज ताडू नये. पुरवठादाराने केंद्र-राज्याच्या करांऐवजी चुकून आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी दाखवला तर बेरीज जुळते, पण रक्कम चुकीच्या खात्यात बसते. तिन्ही कर वेगवेगळे ताडणारा मॅक्रो लिहायला थोडा लांब होतो, तरी तोच लिहावा.

निकाल मूळ शीटवर रंगवू नका. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल झेडने परत फिरत नाही, म्हणून नव्या शीटवर उतरवा आणि मूळ फाइलीची प्रत राखून ठेवा. नेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, ते योग्यच आहे. कुणाचा तयार मॅक्रो मिळाला तर आत काय लिहिलंय ते वाचूनच चालवा.

नव्या शीटवर मग ढीग पडतात. जुळलेली बिलं बाजूला. रक्कम वेगळी असलेल्यांची कागदी बिलं काढून पाहायची. फक्त टू-बीत असलेली बिलं एक तर आपल्यापर्यंत पोचलेली नसतात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या मालाला आपला जीएसटी नंबर लागलेला असतो. फक्त रजिस्टरमध्ये असलेल्यांसाठी फोन उचलायचा: “साहेब, आमचं बिल तुमच्या विक्रीच्या विवरणपत्रात, आर-वनमध्ये, दिसत नाहीये.” उशिरा भरलेलं बिल पुढच्या एखाद्या महिन्याच्या टू-बीत उगवतं, त्यामुळे न जुळलेल्या ओळी वेगळ्या ‘बाकी’ शीटवर राहू द्याव्यात आणि पुढच्या खेपेला मॅक्रोने आधी त्याच तपासाव्यात. त्या शीटवर बिलाच्या तारखेचा रकाना हवाच, कारण एका आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्या दिवसापर्यंतच.