दिवसात वीस वेळा, तीन-तीन मिनिटं

सकाळी 6.30
न्यू जर्सीचा जानेवारी, बाहेर मिट्ट काळोख. निघण्याआधी पेशंटला फोन. झोप झाली का, काल दारू घेतली का, एखादं नवं औषध सुरू केलंय का? उदासीवर उपचार म्हणून मेंदूला चुंबकीय स्पंदनं देताना क्वचित फिट येऊ शकते. आजच्या गोळ्यांनी तो धोका थोडा वाढतो, दारूनं आणखी. गृहस्थ साठीचे, ट्रक चालवायचे. "कॉफीसुद्धा नेहमीचीच घेतली," म्हणाले. शहाणा माणूस.

7.00
दोन कॅप्सूल, माझ्यासमोर. एक 125 मिलिग्रॅम डी-सायक्लोसेरिनची, दुसरी 20 मिलिग्रॅम लिसडेक्सअँफेटामिनची. पहिली फार्मासिस्ट मुद्दाम बनवून देतो, कारण बाजारातली कॅप्सूल 250ची असते, आणि ती असते टीबीसाठी.

7.30
उंबरठा शोधायचा. डोक्यावर कॉइल सरकवत, एकेक स्पंदन देत, उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते पाहायचं. अंगठा हलवायला जेवढी ताकद लागते, तिच्यावरून उपचाराची ताकद ठरते. मग कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला. टोपीवर खूण करून ठेवते. दिवसभर जागा हलता कामा नये. माझ्या नोकरीतलं कौशल्य म्हणाल तर हेच.

8.00
पहिलं सत्र. कानात बोळे, कारण कॉइल सुतारपक्ष्यासारखी टकटकते. दोन सेकंद टकटक, आठ सेकंद विश्रांती. 600 स्पंदनं, तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. संपलं. आता साडेआठपर्यंत मासिकं चाळा.

हे असं वीस वेळा, दर अर्ध्या तासानं.

11.35
पाचेक मिनिटं मोकळी, आईला फोन. तिकडे रात्रीचे दहा. ती मुंबईत टीबीच्या वॉर्डात नर्स होती. "शॉक देतेस ना गं तू?" नाही आई, शॉक नाही, माणूस जागा असतो. सायक्लोसेरिनचं नाव ऐकून मात्र ती उठूनच बसली असावी. "अगं, त्यानं तर पेशंट भ्रमिष्टासारखे करायचे! उदास व्हायचे, भांडायचे. आणि तुम्ही ते उदासीवर देता?"

तिचं खरं आहे. टीबीला रोज 500-750 मिलिग्रॅम, तेही महिनोन्‌महिने. आमचा डोस त्या मानानं चिमूटभर, आणि काम वेगळं. दोन पेशी वारंवार एकत्र पेटल्या की त्यांच्यातला दुवा पक्का होतो. त्यासाठी एनएमडीए नावाचा रिसेप्टर उघडावा लागतो. थोडं सायक्लोसेरिन त्याला उघडायला मदत करतं, फार झालं तर उलट अडवतं. चुंबक पेशी पेटवतं, औषध त्याचा ठसा उमटू देतं. तिला मी एवढंच म्हटलं, "आई, मात्रेचा खेळ आहे." हे तिला पटलं, काढे करण्यात तिची हयात गेली.

3.00
चौदा झाली, पंधरावं सुरू. कपाळाची कातडी हुळहुळते म्हणाले. कॉइलचा कोन जरा बदलला, खूण तीच. या वेळेला सगळेच कंटाळतात, मीही.

त्यांनी विचारलं, "याचा उपयोग होतो हे नक्की?" नक्की म्हणवत नाही. कॅल्गरीत 2022मध्ये 50 जणांवर झालेली चाचणी नीट होती: चार आठवडे चुंबक सगळ्यांना, पहिले दोन आठवडे निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम सायक्लोसेरिन, निम्म्यांना पोकळ गोळी. औषधवाल्यांतल्या सुमारे 74 टक्क्यांना ठळक आराम, बाकीच्यांतल्या 29 टक्क्यांना. पण एका दिवसात वीस सत्रांचा हा प्रकार 2024मध्ये छापून आला तो 32 जणांचा अनुभव म्हणून. आकडे झकास, पण तुलनेला पोकळ गोळीवाले कुणीच नव्हते. एवढ्या भांडवलावर दुकानं फार लवकर उघडली, असं माझं मत. ते मी जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांना सांगितलंय. त्यांनी पेशंटला हे आकडे आधीच दाखवले होते, हे त्यांच्या बाजूनं.

5.30
विसावं. "मला तर काहीच वाटत नाही," ते म्हणाले. वाटायला नकोच. त्या 32 जणांतही आराम वाढत गेला तो पुढच्या काही आठवड्यांत. बायको न्यायला आली होती. मूड मोजायची प्रश्नावली तिच्याच हातात दिली, दर शुक्रवारी भरायची. ते विसरतील, ती नाही.