गोड घोटातला आंबट कणा

वाइनशी पहिली ओळख बहुतेकांची बिघडते ती लाल, तुरट घोटामुळे. कुणीतरी आग्रहानं पेला हातात देतं, हिरड्या आवळल्यासारख्या होतात आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून माणूस पेला खाली ठेवतो. अशांना माझं कळकळीचं सांगणं आहे : सुरुवात दुसऱ्या टोकानं करा. जेवणानंतर घोट-दोन घोट घ्यायच्या गोड वाइनपासून.

गोड आवडणं म्हणजे वाइनची समज नसणं, असा एक गैरसमज आहे. तो मला मुळीच मान्य नाही. १८५५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची प्रतवारी ठरली, तेव्हा सगळ्यांहून वरची एक खास पायरी मिळाली ती एकट्या शातो दिकेमला. आणि दिकेम गोड आहे.

ती बनते सोतेर्न या भागात, आणि बनते चक्क बुरशीमुळे. शरदात सिरों नदीचं थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळतं आणि पहाटे बागांवर धुकं बसतं. त्या ओलीत बोट्रिटिस नावाची बुरशी मण्यांना धरते, सालीला बारीक बारीक छिद्रं पाडते. दुपारी ऊन पडलं की त्या छिद्रांतून पाणी उडून जातं. आत साखर आणि आंबटपणा दोन्ही आटत जातात. मणी तपकिरी, सुरकुतलेला, वर राखाडी लव आलेला. आपला द्राक्ष बागायतदार असा घड पाहून हबकेल! तिथले मजूर मात्र त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर फेरीला तयार झालेले तेवढेच मणी खुडतात. दिकेमला एका वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन मिळते. ऊन पडलंच नाही तर नुसती कूज. २०१२ मध्ये मनासारखी द्राक्षं हाती न आल्यानं दिकेमनं त्या वर्षाची वाइन काढलीच नाही.

बुरशीवाचूनही गोडी राखता येते. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. साखर उरवायची तर यीस्टला मध्येच थांबवायचं. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात आंबणाऱ्या रसात द्राक्षाचीच कडक दारू ओततात, यीस्ट मरतं आणि पोर्ट तयार होते. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या गोड लाल वाइनचं नाव आलं ते तिथूनच. इटलीतल्या तस्कनीत विन सांतोसाठी घड वाळवून मग रस काढतात. तासगावचा बेदाणा पाहिलेल्याला त्यातलं मर्म सांगायला नको.

पण खरी गंमत साखरेत नाही. सोतेर्नमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते, तरी तोंडाला मिठी बसत नाही, कारण खाली आंबटपणाचा कणा असतो. साखरेचा पाक चमचाभर खाल्ला की नको होतं. कैरीचा मुरांबा मात्र पुन्हा वाढून घ्यावासा वाटतो. तसंच हे. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं, तर वाइन चांगली. गोडी टाळूला चिकटून राहिली, तर आंबटपणा कमी पडला.

पहिली बाटली म्हणून मी इटलीची मोस्कातो द’अस्ती सुचवेन. अल्कोहोल साधारण पाचच टक्के, हलके बुडबुडे आणि वास थेट ताज्या द्राक्षांचा. मग नाशिकची लेट हार्वेस्ट शेनें ब्लां : वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर भरू दिलेल्या द्राक्षांची. सुला ती बनवते. बाटली फ्रिजमध्ये चांगली गार करा, पेला छोटा घ्या आणि आधी नुसता वास घ्या. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, काय सापडतं ते पाहा.

सोबत गुलाबजाम मात्र नको. पदार्थ वाइनहून गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट लागते. मोठ्या हौसेनं उघडलेली एक बाटली मी अशीच वाया घालवली आहे. फ्रेंच लोक सोतेर्नबरोबर खारट, उग्र रोकफोर चीज खातात. आपल्याकडे खारे काजू घ्या. काजूचं मीठ जिभेवर असतानाच गार घोट घ्या. उरलेल्या बाटलीला बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीत, तर लेट हार्वेस्ट चार-पाच दिवस सहज टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्या. आदल्या रात्री न सापडलेलं काहीतरी हमखास सापडतं.